तहानलेलं चाक

"ऐका हो ऐका! आमच्या अंगणात पडलेल्या बाभळीच्या लाकडास, ते चाक होईपर्यंत आणि झाल्यावरही, चार विद्यार्थ्यांखेरीज कोणीही हात लावू नये! सल्ला देऊ नये, नाक मुरडू नये, खाकरूसुद्धा नये! अन्यथा विद्येची अपरिमित हानी होईल होऽऽ!"

ही दवंडी मी दिली. प्रकाशा या आमच्या तापीकाठच्या गावी, घराच्या ओट्यावर उभा राहून, आईची परात बडवत. माझे तीन कॉलेजमित्र पोट धरून हसत होते. गल्ली हसत होती. गंभीरपणे ऐकत होता तो एकच माणूस, आणि दवंडी त्याच्याचसाठी होती. माझे वडील, आबा. आसपासच्या निम्म्या गावांतल्या बैलगाड्या आबांनी केलेल्या चाकांवर चालत.

"बोलानं बी नई का?" त्यांनी विचारलं.

"बोलायचंसुद्धा नाही." घरी आम्ही अहिराणी बोलायचो, पण मित्रांसमोर मी शहरी मराठी चढवली होती, नव्या टोपीसारखी.

दुसऱ्या महायुद्धाच्या थोड्या आधीची ही गोष्ट. मी दूरच्या शहरात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. पहिलं वर्ष म्हणजे नुसती ड्रॉइंगची पाटी. चाकं, कप्प्या, कमानी, सगळं कागदावर. मी तर सुताराचा मुलगा, घरात चाकांच्या ढिगात वाढलेला. तरी त्या वर्षात मी जितकी चाकं काढली तितकी आबांनी दहा वर्षांत केली नसतील. माझं एकही चाक फिरलं नाही, हा किरकोळ फरक.

आमच्या एका सरांना हे सोसवेना. त्यांनी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रमच नव्यानं लिहिला. चार-चार मुलांची टोळी करायची, प्रत्येक टोळीनं लोकांच्या उपयोगाची एक वस्तू स्वतःच्या हातांनी करायची, आणि ती लोकांपुढे चालवून दाखवायची. कॉलेजच्या कमिटीला हा पोरखेळ वाटला. बऱ्याच वादानंतर त्यांनी एकाच टोळीपुरती परवानगी दिली. वस्तू चालली तर अभ्यासक्रम राहील, नाही तर पुन्हा ड्रॉइंगची पाटी.

ती टोळी आमची, आणि आम्ही माझ्या गावी जाऊन बैलगाडीचं चाक करायचं ठरवलं. सर स्वतः गरीब घरातले, कारखान्यात हात काळे करून वर आलेले. या एका गोष्टीवर त्यांनी आपली सगळी पत लावली होती. निघताना त्यांनी मला थांबवलं. "हात मात्र तुमचेच हवेत." मग जरा हसून विचारलं, "तुझे वडील सुतार आहेत ना?"

मला वाटलं, सरांना संशय आलाय, की हा बापाकडून चाक करून घेणार. मी छाती ठोकून म्हणालो, "ते बोटही लावणार नाहीत, सर!" सर काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मी नमस्कार करून निघालोसुद्धा. रंगमंचावरून झोकात निघून जायची मला लहानपणापासून हौस.

पंधरा दिवस आम्ही तासत होतो, ठोकत होतो. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, त्यांच्यावरचे वाकडे पाटे. आबा ओट्यावर बसून असायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आमचा तासायचा वाकस चुकीचा पडला की त्यांच्या खांद्याला झटका बसे. शेवटी आम्ही गोवऱ्यांच्या आगीत चाकाच्या कडेची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, लाल केली, चाकावर चढवली आणि पाणी ओतलं. वाफेच्या ढगात चौघं नाचलो. आबाही हसले, तोंड मिटून.

चाकाच्या परीक्षेला चार दिवस होते. वैशाखाचं ऊन असं, की दुपारी कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसायचा. आम्ही नदीवरून आंघोळ करून आलो तर आबा अंगणात वाकलेले, तांब्यानं चाकावर पाणी ओतत होते.

"आबा!" मी ओरडलो. "हात लावायचा नाही म्हटलं ना!"

"हात कोठे लाया? पानी पाजी ऱ्हायनू त्याले, भो."

झालं! मला नाटकाला विषय मिळाला. मी पदर घेतल्यासारखा पंचा डोक्यावर ओढला आणि चाकाभोवती तुळशीला घालतात तसं पाणी घालत फेऱ्या मारल्या. "चाकमाते, प्रसन्न हो!" मित्र लोळले. आबांनी तांब्या खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. मग ओट्यावर जाऊन बसले, आणि त्यानंतरचे चार दिवस चाक आमच्या आज्ञेनं उन्हात उभं राहिलं.

परीक्षेला सर आले, कमिटीचे एक वयस्क गृहस्थ आले. आबांच्याच गाडीचं एक चाक काढून आमचं बसवलं, सरकीची पोती रचली आणि गाडी तापीच्या वाळूत उतरवली. पाण्याच्या धारेपर्यंत न्यायची होती. धार समोर चमकत होती. निम्म्या वाटेवर खळ्ळ् असा आवाज झाला. लोखंडी धाव निसटून वाळूत आडवी झाली. मागोमाग पाटे सुटले, आरे निखळले आणि गाडी एका कुशीवर बसली.

कमिटीच्या गृहस्थांनी टोपी नीट केली. "ड्रॉइंगची पाटी मोडत नाही," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वाट्याला पुन्हा नुसते कागद आले. सरांना नकाशांच्या खोलीत बसवलं, आणि काही वर्षांनी ते तिथूनच निवृत्त झाले. पण त्या संध्याकाळी नंदुरबार स्टेशनकडे परत जाताना दुसऱ्या बैलगाडीत त्यांनी आपल्या अभ्यासक्रमाच्या वहीत समासात एक ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे धरली. 'पहिले आठ दिवस हत्यार उचलायचं नाही. ते काम करणाऱ्यापाशी बसायचं आणि विचारायचं.' तो अभ्यासक्रम कुणीच कधी शिकवला नाही. "तुला जाताना हेच सांगणार होतो," सर म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी वाळूत गाडी एका कुशीवर बसली, तेव्हा आबा पुढे आले. कोरडा, उन्हानं आकसून चिरलेला एक पाटा त्यांनी उचलला, तळव्यावर जोखला. नदीपासून आम्ही पंचवीस पावलांवर उभे होतो. आबांनी माझ्याकडे पाहिलं. दवंडी मी अजून मागे घेतली नव्हती, म्हणून ते ओठ दाबून उभे होते. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. सर, कमिटी, गाव, सगळ्यांदेखत ते ओरडले,

"तान लागेल व्हती ना रे त्याले!"