कडेवरची मुक्ता

माझी पुतणी मुक्ता चार वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि त्यानं खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो. परवा लग्नात मी तिला आडवी उचलली, तर वहिनी भर मांडवात ओरडल्या, "भावोजी, पोतं आहे का ते? पाय फाकवून कडेवर घ्या!"

घेतली. तिचा एक पाय पाठीकडे गेला, दुसरा माझ्या सुटलेल्या पोटावर ऐटीत विसावला.

"काका, गादी!" मुक्ता म्हणाली.

आपल्याकडे पोरं पिढ्यानपिढ्या अशीच कडेवर वाढली. मुक्ताला त्याच्या जोडीला ठरावीक महिन्यांनी खुब्याचा एक्स-रेही लागतो, काही दुखत नसलं तरी. सांधा निसटताना आधी सांगत नाही म्हणे. नसेना का सांगत. दर खेपेला एक्स-रे काढून त्याला विचारायला आम्ही जाणारच.