आईंना माणिकगड चढायचा होता

सिंदेवाही मागे पडलं, जीपच्या ताडपत्रीत वारा शिरला आणि माझ्या सासूबाई एखाद्या मुलीसारख्या मोठ्यानं हसल्या. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. साठी उलटलेल्या, गुडघे कुरकुरणारे, पण त्या दिवशी त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं आणि सगळ्यांच्या आधी तयार होऊन त्या अंगणात उभ्या होत्या. मी त्यांना आई म्हणते.

जीप माझ्या धाकट्या दिरांची, प्रकाशभाऊजींची. ते भातगिरण्यांची यंत्रं दुरुस्त करतात. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता त्या काळात आलापल्लीला जंगलखात्याच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ही घेतली आणि वर्षभर खपून रस्त्यावर आणली. पहिली लांबची सहल कुठं काढायची, असा घरात विचार चालला होता तेव्हा आईच म्हणाल्या, "माणिकगडले चला. मले वर जायचं हाये." माझ्या यजमानांना सुट्टी मिळाली नाही. मी शाळेत शिकवते, माझी परीक्षेची कामं आटोपली होती. म्हणून आम्ही तिघंच निघालो.

चैत्राचे दिवस. मूलच्या जंगलात पळस संपत आला होता, पण मोह भरात होता. झाडाजवळ गाडी आली की त्याचा गोड, किंचित आंबूस वास एकदम अंगावर यायचा. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळसर फुलांचा सडा. बाया, मुली वाकून टोपल्या भरत होत्या. मला दर वळणावर गाडी थांबवावीशी वाटत होती. भाऊजी म्हणायचे, "वैनी, असं केलं तर आपन गडावर दिवाळीतच पोचू."

चंद्रपुरात महाकालीच्या जत्रेची गर्दी होती. जटपुरा गेटच्या भिंतीवर हत्तीला नमवणारा तो दगडी सिंह आहे, त्याच्या समोरच्या टपरीवर आम्ही आलूबोंडे खाल्ले. वर रस्सा इतका तिखट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथं भाऊजींनी सहज विचारलं, "माय, तुह्यं माहेर गडाच्या पायथ्याले, मंग तू लहानपनी वर काऊन नाई गेली?"

आईंनी बशीतला चहा फुंकला. "तुहा आजा चुनाभट्टीवर गोटे फोडे. मी भाकर घेऊन जावो त्याच्यासाठी. गड रोज समोर दिसे. पन आमच्या लोकाईनं वर जायचं नाई, देवळाच्या ओट्यावर चढायचं नाई. आमी छप्पनच्या, दीक्षेच्या पयलेचे ना रे." एवढं बोलून त्यांनी चहा पिऊन टाकला आणि म्हणाल्या, "चल, उशीर होऊन राह्यला."

वर्धा नदीचा पूल ओलांडला, राजुरा गेलं. गडचांदूर जवळ आलं तशी झाडांची पानं पांढरी दिसू लागली. सिमेंटची धूळ. समोरून ट्रक आला की काही क्षण सगळंच नाहीसं व्हायचं. आई काच नसलेल्या दारातून मान बाहेर काढून शोधत होत्या. त्यांची वस्ती कुठंच नव्हती, तिच्या जागी चुनखडीची खाण होती. मला वाटलं आता त्या गप्प होतील. तेवढ्यात धूळ खाली बसली, समोर निळाकाळा डोंगर उभा राहिला आणि आईंनी भाऊजींच्या खांद्यावर जोरात चापट मारली. "थोच! थोच माहा गड!"

पायथ्याशी विष्णूचं जुनं मंदिर आहे. काळसर दगडाचं, ठेंगणं, खांबांवर नक्षी. गाडी थांबायच्या आत आई उतरल्या. चपला काढून त्या ओट्यावर चढल्या, आत गेल्या आणि एकेका खांबावरून हात फिरवत राहिल्या. वेलबुट्टी, एक वादक, झिजलेली एक स्त्री. बाहेर सावलीत बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, इतक्या दुरून आल्या, हात तरी जोडा."

"पाहाले आली भाऊ, मागाले नाई," आई हसून म्हणाल्या.

म्हातारबाबाही हसले. "पाहा मंग. चांगलं पाहा. मांगच्या भिंतीवर जास्त हायेत." आणि स्वतः उठून त्यांनी आईंना मागची बाजू दाखवली. आई पुरेपूर बघून घेतल्याशिवाय हलल्या नाहीत.

घाट सुरू झाला आणि जीपचा खरा कस लागला. रस्ता म्हणजे लाल मुरूम आणि सुटे दगड. एका बाजूला बांबूचं बन, दुसऱ्या बाजूला दरी. निम्म्यात रेडिएटर उकळला आणि बॉनेटमधून रेल्वे इंजिनासारखी वाफ निघाली. भाऊजींनी तोंडावर रुमाल धरून झाकण उघडलं. जवळच्या नाल्यातून मी पाणी आणेपर्यंत आईंनी एका मोह वेचणाऱ्या बाईशी ओळख करून घेतली होती. तिचं नाव जंगूबाई. गोंडाची, माझ्याच वयाची, दंडावर गोंदण. मोहाला ती इप्पा म्हणायची (तेलंगणाच्या बाजूचा शब्द). तिचा पाडा वरच होता, म्हणून ती गाडीतून आमच्याबरोबर निघाली. टोपलीतली पिकलेली टेंभरं (टेंभुर्णीची फळं) तिनं आम्हाला दिली आणि आमच्याकडची तांदळाची भाकर आणि सुक्या झिंग्यांची चटणी तिनं आवडीनं खाल्ली.

"गडावर चाल्ले तं आवाज करत जा," ती म्हणाली. "मोहाचे दिवस. अस्वलं हायेत."

"तू पन चाल ना मंग," आई म्हणाल्या, आणि जंगूबाई आली.

गाडी जाते तिथपर्यंत नेली आणि पुढं आम्ही चालू लागलो. आईंनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातात जंगूबाईची काठी. गुडघा दुखला की थांबायच्या, पण बसायच्या नाहीत. झाडीतून एकदम तटबंदी समोर आली. चुना नसलेले मोठमोठे काळे दगड एकावर एक रचलेले. दरवाजाच्या दगडावर कोरलेला नाग. शाळेत मी मुलांना शिकवते की हा गड नागवंशी राजांचा, पुढं गोंडांचा. पण तो नाग बोटांखाली आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आईंनी उंबऱ्याच्या दगडावर पाय ठेवला, क्षणभर तशाच राहिल्या आणि आत गेल्या. "आली बाई मी," एवढंच म्हणाल्या.

आत सगळं रान माजलेलं. पडक्या भिंती, त्यांच्यातून वर गेलेली झाडं, एक तळं, एका आडोशाला शेंदूर लावलेलं देवीचं ठाणं. आम्ही अगदी शाळेतल्या मुलींसारख्या इकडून तिकडे फिरलो. भाऊजी आधीच बुरुजाकडं गेले होते. तिथून ओरडले, "वैनी, इथून सारा मुलूख दिसते!" आम्हीही निघालो.

तेवढ्यात जंगूबाईनं माझा दंड धरला.

आमच्या आणि बुरुजाच्या मध्ये एक पडकी कोठी होती. तिच्या अंधारातून एक अस्वल बाहेर आलं. काळंकुट्ट, झिपरं, आणि पाठीवर केसांना धरून बसलेली दोन पिल्लं. इतकं जवळ की त्याच्या नाकाचा फुसफुस आवाज ऐकू येत होता. "पळू नोका," जंगूबाई पुटपुटली. माझे पाय तसेही हलत नव्हते. अस्वलानं आम्हाला पाहिलं नाही. ते सावकाश, रमतगमत बुरुजाच्या पायऱ्यांकडे निघालं. आणि त्याच पायऱ्यांवरून आम्हाला शोधत भाऊजी खाली येत होते.

त्यांनी अस्वल पाहिलं आणि मागं सरले. पायाखालचा दगड सुटला, ते घसरत खाली आले आणि पाय वाकडा होऊन पडले. आवाजासरशी अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. पिल्लं पाठीवरून खाली गळाली. मी आजही ते चित्र डोळ्यांसमोर आणू शकते: वर उठलेली ती नखं आणि समोर जमिनीवर बसलेले भाऊजी, एक हात तोंडासमोर धरलेला.

मग माझ्या शेजारी जो आवाज झाला तो माणसाचा आहे हे मला आधी कळलंच नाही. "हाऽऽऽ! हुर्र्ऽऽ! हो हो होऽऽ!" आई ओरडत होत्या. धानाच्या बांधीतून रानडुकरं हाकलताना देतात ती हाळी, पण त्याच्या दसपट. काठी दगडावर आपटत त्या पुढं चालल्या होत्या. हो, पुढं! ज्या गुडघ्यासाठी आम्ही दर वळणावर थांबलो होतो तो त्यांना आठवतही नसावा. जंगूबाईनं एक वाळकी फांदी उचलून टोपलीवर बडवायला सुरुवात केली. मीही ओरडले, काय ओरडले देव जाणे, वर्गातलंच काहीतरी असावं. अस्वलानं तोंड आमच्याकडं वळवलं. एक श्वास, दोन श्वास. मग ते चार पायांवर आलं, पिल्लं धावत त्याला बिलगली आणि तटाच्या पडलेल्या भागातून तिघंही पलीकडं उतरून गेली.

आई भाऊजींजवळ जाऊन बसल्या आणि त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली. "आवाज करत जा म्हटलं होतं ना रे!" मग बराच वेळ त्या मुलाचं डोकं छातीशी धरून बसल्या.

भाऊजींचा उजवा घोटा बघता बघता सुजला. जंगूबाईनं पदराची पट्टी फाडून घट्ट बांधला. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी, अशी आम्ही त्यांना खाली आणलं. गाडीजवळ आल्यावर खरी अडचण समोर आली. उजवा पाय कामातून गेलेला, म्हणजे ब्रेक कोण दाबणार? त्या रस्त्यावर दुसरं वाहन केव्हा येईल त्याचा भरवसा नव्हता.

सगळे माझ्याकडं पाहू लागले. सिंदेवाहीच्या मैदानात भाऊजींनी मला काही रविवार गाडी शिकवली होती, शिकाऊ लायसन्सही काढून दिलं होतं. पण मैदानाला दरी नसते. "मला नाही जमणार," मी म्हटलं.

"वैनी, पहिल्या गिअरात टाका अन् गाडीले स्वतः उतरू द्या. मी बाजूले बसून सांगतो."

मागून आई म्हणाल्या, "अस्वलापेक्षा तं सोपंच असन!"

जंगूबाई तिथंच थांबणार होती, पाडा जवळ होता. पण ती मागच्या सीटवर आईंना धरून बसली. "खालपर्यंत येतो. येताना इप्पा वेचत येईन."

मी स्टिअरिंग धरलं. पहिल्याच वळणावर मुरूम टायरखालून सरकला आणि जीप दरीच्या बाजूला तोंड करून तिरकी गेली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "ब्रेक हळू. हळू. आता डावीकडं." गाडी सरळ झाली. दुसऱ्या वळणावर मी श्वास घेतला. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं की भीती आहे, पण तिच्यासोबत दुसरंही काहीतरी आहे, आणि ते भलतंच छान आहे! बांबूच्या बनातून उन्हाचे पट्टे गाडीवरून सरकत होते, इंजिन गुरगुरत होतं, आणि एवढं मोठं धूड माझं ऐकत होतं. सपाटीला गाडी आली तेव्हा मागं बसलेल्या दोघीजणींनी टाळ्या पिटल्या. जंगूबाई उतरली, आईंनी तिला कवेत घेतलं. एक म्हणाली "जय भीम", दुसरी म्हणाली "राम राम", आणि टोपली डोक्यावर घेऊन ती पुन्हा घाटाच्या वाटेला लागली.

गडचांदूरच्या डॉक्टरांनी हाड मोडलं नसल्याचं सांगितलं. मुक्काम राजुऱ्याला माझ्या एका मैत्रिणीकडं केला आणि दुसऱ्या दिवशी, वर्धेच्या पुलावरून, चंद्रपूरच्या गर्दीतून, मूलच्या जंगलातून, गाडी मीच आणली.

त्या प्रवासाचा विचार करते तेव्हा मला वाटतं, आपण गड पाहायला जातो ते तिथले दगड पाहायला नव्हे. घरात रोज भेटणारी माणसं वर गेल्यावर केवढी उंच दिसतात! मला सोळा वर्षं संसार करून कळलं नव्हतं की आईंच्या गळ्यात तो आवाज आहे. त्यांनाही बहुधा ठाऊक नव्हतं.

गल्लीत गाडी शिरली तेव्हा यजमान दारात उभे होते. आधी त्यांनी चालकाच्या जागी भाऊजींना शोधलं, मग मला पाहिलं, आणि हातातलं वर्तमानपत्र तसंच धरून उभेच राहिले. आई खाली उतरल्या, लुगड्यावरची पांढरी धूळ झटकली आणि मुलाला म्हणाल्या, "पाहून काय राह्यला? आमच्या ड्रायव्हरले पानी आन."