आणखी काही तक्रार आहे का?

इमारतीत त्यांना सगळे ‘लाईटवाल्या वहिनी’ म्हणायचे. एरवी त्या नावात कौतुक असायचं. वादळ येऊन गेलं आणि लोक त्याच नावाने बोटं मोडू लागले.

खरं तर वहिनींचा विजेशी संबंध इतकाच, की त्या वीज ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायच्या. तारा जोडणं सोडाच, घरातला उडालेला बल्बसुद्धा त्या नवऱ्याकडून बदलून घ्यायच्या. पण सहा मजले पाण्याच्या बादल्या चढवून घामाघूम झालेल्या माणसाला हा फरक कोण समजावणार? लिफ्ट बंद, पंप बंद, आणि जिन्यात वहिनी दिसल्या की समोरच्या फ्लॅटमधले काका बादली खाली ठेवून, कमरेवर हात ठेवून विचारायचे, “काय वहिनी, तुमच्या साहेबांचा काय विचार? या जन्मी की पुढच्या?”

वहिनी हसून म्हणायच्या, “काम युद्धपातळीवर चालू आहे काका.” हे वाक्य साहेबांनी घालून दिलेलं होतं. ते दिवसभर म्हणून म्हणून त्यांच्या जिभेवरच बसलं होतं. फोनवर एकाने त्यांना विचारलंही होतं, “युद्ध कुणाशी चाललंय बाई? आमच्याशीच ना?”

ही नोकरी त्यांना आवाजावर मिळाली होती आणि तो आवाज घडवला होता सासूबाईंनी. लग्नानंतर जागेची जाहिरात त्यांनीच शोधून काढली. मग रोज स्वैपाकघरात त्या डाव कानाला लावून चिडलेलं गिऱ्हाईक व्हायच्या आणि सून भांडी घासता घासता गोड उत्तरं द्यायची. सासूबाईंना ते काम फार आवडायचं. तावातावाने बोलता बोलता मधेच थांबून विचारायच्या, “आणखी चिडू का?” सून म्हणायची, “चिडा.” मग त्या असा काही आवाज लावायच्या की खालच्या मजल्यावरून कुणीतरी भांडण सोडवायला येऊन गेलं होतं. मुलाखतीत साहेबांनी वहिनींना मुद्दाम फटकारून बघितलं, तर वहिनींना त्यांची दयाच आली. घरच्या तालमीपुढे साहेब अगदीच पोरकट वाटले.

अशा या दोघींमध्ये अबोला धरला गेला, तो एका वाक्यावरून. वादळाच्या काही आठवडे आधीची गोष्ट. वहिनी दमून घरी आल्या होत्या. समोरचे काका कशासाठी तरी येऊन बसले होते. नातू शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घर खायला उठतं, असं सासूबाई सांगत होत्या. सांगता सांगता त्या सुनेला म्हणाल्या, “अगं, आल्यावर घटकाभर माझ्यासोबत चहा तरी पीत जा. कप घेऊन खोलीत जातेस आणि दार लावतेस.” वहिनींचं डोकं भणभणत होतं. त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “आपली तक्रार नोंदवली आहे. लवकरच योग्य ती कारवाई होईल.”

काका पोट धरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. चारचौघांत सुनेने आपल्याला गिऱ्हाईक केलं, हे त्यांना फार लागलं.

तेव्हापासून घरात सगळा व्यवहार नवऱ्यामार्फत. दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या, आणि बिचारा दारात. “तिला विचार, साखर आहे का.” “आईंना सांगा, डब्यात आहे.” तो तरी किती दिवस पोस्टमनगिरी करणार? कंपनीच्या कामाला बाहेरगावी जायचं निघालं, तेव्हा तो गाणं गुणगुणत बॅग भरत होता म्हणे. त्याची पाठ फिरली आणि सासूबाईंनी लेकीला फोन लावला. आता कायमची तुझ्याकडे येते, म्हणाल्या. त्यांनी बॅग भरली आणि दाराशी आणून ठेवली. त्याच रात्री वादळ आलं.

झाडं पडली, खांब वाकले, रस्ते अडले. नवरा तिकडेच अडकला. सासूबाई सहाव्या मजल्यावर अडकल्या, कारण त्यांच्या गुडघ्यांना एक मजलाही झेपत नव्हता. त्यांनी भिंतीकडे बघून, पण सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर केलं, “लिफ्ट चालू झाली की निघाले मी.”

रोज संध्याकाळी लिफ्टचा आवाज आला की बेल वाजायच्या आत दार उघडायचं, ते सासूबाईंनी. अबोल्यातही त्यांनी ते सोडलं नव्हतं. आता लिफ्ट नव्हती तर पावलं ओळखून उघडायच्या. दार उघडून तोंड फिरवायच्या, पण उघडायच्या. ते दार आतून उघडणारं कुणी नसेल, ही कल्पना वहिनींना सोसवेना. ‘जाऊ नका’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते. दिवसभर शेकड्यांनी माणसांशी बोलणाऱ्या बाईला तेवढेच बोलता येत नव्हते.

ऑफिसात फोन थांबत नव्हता. एका सलूनवाल्याच्या गिऱ्हाईकाचं अर्धं डोकं मशीनने भादरून झालेलं असताना लाईट गेली होती. ते टोपी घालून घरी गेलं आणि रोज दुकानासमोर येऊन उभं राहत होतं. एक बाई म्हणाल्या, “आमच्याकडे कधी येईल ते नंतर सांगा, समोरच्यांकडे आधी कशी आली ते सांगा.” एका गृहस्थांनी फोनवर नुसता लांबलचक सुस्कारा सोडला. “बोलायचं काही नाही. ऐकवायचं होतं,” म्हणाले आणि फोन ठेवला. एका सकाळी तर फाटकाशी लोक रिकाम्या बादल्या बडवत उभे राहिले. त्यातून वीज ऑफिसात जनरेटरवर दिवे लागलेले, ते बघून त्यांचा भडका आणखी उडाला. त्यांचं काय चुकलं? खांबांवर चढलेली माणसंही धड झोपली नव्हती. दोन्हीकडचं खरं होतं आणि मधे वहिनींचा कान होता.

असाच गोंधळ चालू असताना शेजारच्या टेबलावरची मैत्रीण फोनवर हात ठेवून म्हणाली, “ही एक आजी माझ्याशी बोलायलाच तयार नाही. म्हणते, त्या गोड आवाजाच्या बाईला द्या. घे बाई तूच.”

वहिनींनी फोन घेतला. “वीज तक्रार केंद्र. बोला, आपली काय तक्रार आहे?”

“लाईट नाही. सहावा मजला. लिफ्ट बंद आहे. मला लेकीकडे जायचंय आणि तुमच्यामुळे अडकून पडलेय.”

वहिनींनी आपोआप पदर सारखा केला. आवाज ओळखायला त्यांना ‘लाईट’मधला ‘ला’ पुरला होता. घरातला जुना लँडलाईन सासूबाईंनी हट्टाने काढू दिला नव्हता, तो आता कामी आला होता. पण सासूबाई ओळख देत नव्हत्या, मग वहिनींनी तरी का द्यावी?

“आपली तक्रार लिहून घेतली आहे. काम युद्धपातळीवर चालू आहे. आणखी काही तक्रार आहे का?”

हे विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, असा नियमच होता. “आहेत पुष्कळ. पण आज नको,” असं म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला. आठवड्यांनंतर त्या सुनेशी बोलल्या होत्या आणि तेही ‘तुम्ही’ म्हणून.

घरी गेल्यावर दोघींनी ताकास तूर लागू दिली नाही. मेणबत्तीच्या उजेडात जेवल्या, आणि झोपल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी वहिनींना नेहमीचा प्रश्न आठवला. “घरातला मेन स्विच तपासलात का?”

“तो कुठे असतो?”

“चपलांच्या कपाटाच्या वर, डाव्या हाताला. पण स्टुलावर चढू नका हं, तुमचा गुडघा... काठीनं ढकललात तरी होतो खालीवर.”

बोलून गेल्यावर वहिनींनी जीभ चावली.

“माझं कपाट आणि माझा गुडघा, तुम्हाला बरा ठाऊक!”

“आवाजावरून अंदाज केला.”

“म्हणजे माझा आवाज म्हातारा आहे?”

“नाही नाही, चांगला खणखणीत आहे. आणखी काही तक्रार आहे का?”

“आहे,” सासूबाई म्हणाल्या. त्या बहुधा खुर्ची ओढून बसल्या, कारण पाय घासल्याचा आवाज आला. “माझी सून. परक्यांशी दिवसभर साखर पेरते आणि घरी आली की तोंडाला कुलूप. हिला बोलायला मी शिकवलं, आणि आता माझ्याशीच बोलायचं जिवावर येतं. लिहून घ्या.”

घेतलेली तक्रार गिऱ्हाईकाला पुन्हा वाचून दाखवायची, हाही नियमच. वहिनींनी वाचून दाखवली. “सून घरी बोलत नाही. बरोबर?”

“बरोबर. कारवाई कधी होईल?”

वहिनींनी तारखेच्या रकान्यावर पेन टेकवलं. उत्तर देण्याआधीच फोन बंद झाला. मैत्रिणीने विचारलं, “काय गं, शिव्या दिल्या का? डोळे का भरले?” वहिनी म्हणाल्या, “जनरेटरचा धूर आलाय नुसता.”

शहरात एकेक भाग उजळत गेला. ज्यांच्याकडे वीज आली त्यांचे फोन बंद झाले. कुणी आभार मानायला फोन केला नाही, आणि वहिनींची तशी अपेक्षाही नव्हती. शेवटी मोजकेच भाग उरले, त्यात त्यांची इमारत. धाकटे साहेब मनाने चांगले. ते टेबलापाशी येऊन म्हणाले, “ताई, आता दोनच भाग उरलेत आणि दोन्ही कामं सारखीच आहेत. आज एकच होईल. तुमचा भाग आधी घेऊ की नंतर? तुम्ही सांगाल तसं.”

सगळं शहर ज्या शब्दासाठी ओरडून ओरडून घसा बसवत होतं, तो ‘आधी’ हा शब्द साहेब आयता हातात देत होते. आणि वहिनींच्या मनात काय आलं, तर ‘नंतर’. त्यांची त्यांनाच लाज वाटली. अंधार टिकला तर सासूबाई टिकतील, हा कसला हिशोब? काकांच्या बादल्या त्यांना दिसल्या. दुसऱ्या मजल्यावरची बाळंतीण आठवली. तान्हं बाळ रात्रभर उकाड्याने रडायचं आणि ती जिन्यात येऊन त्याला पुठ्ठ्याने वारा घालत बसायची.

“आधी घ्या साहेब,” त्या म्हणाल्या. मग उगाचच टेबल आवरायला लागल्या.

दुपार कलली तेव्हा निरोप आला. त्यांच्या भागात वीज सोडली होती. आता शेवटचं काम. गिऱ्हाईकाने ‘आली’ म्हटल्याशिवाय तक्रार बंद करायची नसते, म्हणून प्रत्येकाला फोन करून विचारायचं. वहिनींनी सगळ्यांना फोन केले आणि आपल्या घरचा नंबर अगदी शेवटी फिरवला.

“वीज तक्रार केंद्रातून बोलतेय. आपल्याकडे लाईट आली का?”

पलीकडे मागून एक बारीक, यांत्रिक आवाज स्पष्ट ऐकू आला: ‘कृपया दरवाजा बंद करा.’ त्यांच्याच इमारतीतली लिफ्ट. कुणीतरी घाईत दार अर्धवट सोडून गेलं की ती अशी विनवण्या करत राहायची.

“नाही आली,” सासूबाई ठामपणे म्हणाल्या.

“आणि लिफ्ट?”

“तीही बंदच आहे.”

‘कृपया दरवाजा बंद करा,’ लिफ्ट म्हणाली.

वहिनींनी फोनवर हात धरला, कारण हसू की रडू ते त्यांना कळेना. धाकटे साहेब चक्रावून गेले. “सगळ्यांकडे आली आणि एकाच घरात नाही? माणूस पाठवू का?”

“नको साहेब,” पर्स उचलत वहिनी म्हणाल्या. “ही तक्रार मीच बघते.”

इमारत नुसती झगमगत होती. लोकांनी हौसेने गरज नसलेले दिवेसुद्धा लावले होते. वहिनी लिफ्टने वर गेल्या. लिफ्ट थांबली तेव्हा त्यांचं दार आधीच उघडलेलं होतं आणि आत मिट्ट काळोख. चपलांच्या कपाटाला सासूबाईंची काठी टेकवलेली होती. एरवी ती कायम त्यांच्या हाताशी असायची. दाराशी ठेवलेली बॅग तिथे नव्हती.

वहिनींनी वर बघितलं. मेन स्विच खाली पाडलेला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

टेबलावर मेणबत्ती जळत होती. तिच्या उजेडात दोन कप चहा ठेवला होता. सासूबाई भिंतीकडे बघत बसल्या होत्या. वहिनींनी खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसल्या, आणि इतके दिवस घशात अडकलेलं एकदाचं बोलून टाकलं.

“आई, जाऊ नका. माझं चुकलं. तुम्ही गेलात तर मला घरी यावंसं वाटणार नाही.”

सासूबाईंनी डोळे पुसले, मग कप पुढे सरकवला. “एवढं बोलायला काय धाड भरली होती तुला?”

“लाईन व्यस्त होती.”

सासूबाई फिसकन हसल्या. हसता हसता दोघींचेही डोळे वाहायला लागले. तेवढ्यात उघड्या दारात समोरचे काका येऊन उभे राहिले. रिकामी बादली त्यांच्या हातात अजून होतीच, सवयीने.

“अहो वहिनी, हे काय? सगळ्या इमारतीत लखलखाट, आणि लाईटवाल्यांच्याच घरात अंधार?”

वहिनी उठायला लागल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं, चहाचा एक सावकाश घोट घेतला, आणि आतूनच खणखणीत आवाजात म्हणाल्या, “तक्रार केलीय आम्ही. काम युद्धपातळीवर चालू आहे.”