पत्रिकेवर न टिकणारं ‘स्व.’

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कॉम्प्युटर अडला की त्याच्या पोटात हात घालून मोकळा होणारा मी माणूस... पण हे एक प्रकरण मला अजून सुटलेलं नाही.

तेल्हाऱ्यात माझं लग्नपत्रिकांचं डीटीपीचं दुकान. नापिकीची ती वर्षं, सकाळी पेपर उघडायची धास्ती वाटायची, रोज कुणा शेतकऱ्याची आत्महत्या. एका दुपारी वच्छलाताई मुलीची पत्रिका करायला आल्या, सोबत त्यांचे दीर. ताईंचा नवरा कामासाठी सुरतला गेलेला, कित्येक वर्षं पत्ता नाही.

दीर म्हणाले, "दादाच्या नावाआधी स्व. टाका. पाहुणे इचारून राहिले."

आमच्याकडे पत्रिकेत वारलेल्यांचं नावही ‘स्व.’ लावून छापतात. ताईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू.

मी टाकलं. गणपतीचं चित्र आणायला ऑल्ट-टॅब करून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलो, परत आलो — सगळ्या मजकुराचे ठोकळे! जुनंच दुखणं. मराठीच्या सॉफ्टवेअरची सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, एक ओळ बदलली, सेव्ह केली. आता सगळं जागच्या जागी... फक्त ते ‘स्व.’ नाही.

पुन्हा टाकलं. गेलो, आलो — नाही! वरच्याच ओळीत मुलीच्या आजोबांचं ‘स्व.’ मात्र शाबूत. माझे हात कीबोर्डवरच थांबले.

"काहून थांबले भाऊ?" ताईंनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. त्यांना एकदम रडू फुटलं. "राहू द्या. ह्यायचं नाव तसंच छापा."

लग्नाला ताईंचा नवरा आला नाही. पण दर दिवाळीआधी ताई दुकानात यायला लागल्या. "भाऊ, पायता का जरा?" मी ती पत्रिका उघडायचो, ‘स्व.’ टाकायचो, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन यायचो. ते गेलेलं असायचं. ताई हसून घरी जायच्या.

गेल्या दिवाळीआधी तसाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन आलो... तर ‘स्व.’ तिथंच. पुन्हा केलं. सेटिंगची फाइल तपासली, ओळ जशीच्या तशी. तरी ते तिथंच!

टेबलापलीकडून ताईंनी विचारलं, "गेलं ना भाऊ?"

स्क्रीन माझ्याकडे होती. मी हळूच बॅकस्पेस दाबलं.

"गेलं, ताई."

इतकी वर्षं ते का पुसलं जायचं, मला माहीत नाही. आता का पुसलं जात नाही, याचा विचार करायची माझी हिंमत नाही.