संघानं देऊन टाकलेला चढाईपटू

लखनौच्या कबड्डी संघात त्या वर्षी कोल्हापूरकडचा एक चढाईपटू होता. पंचविशीच्या आतला, शिडशिडीत. इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागून मला अठरा वर्षं झाली होती, पण या शहरात उभं राहून ओरडावं असं काही पहिल्यांदाच मिळालं होतं. मुलीला तर त्याचं वेडच लागलं. तिचा जन्म इथल्याच इंदिरा नगरातला. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, हे घरात ठरूनच गेलेलं.

नव्या हंगामाच्या सरावाच्या वेळी मी त्याला मैदानाबाहेर गाठलं. मराठीत हाक मारली तसा तो गर्रकन वळला. "काका, तुम्ही आपल्याकडचे? इथं बोलायला कुणी नाही बघा." मी तिथल्या तिथं रविवारी जेवायला बोलावलं. "तांबडा-पांढरा होईल का?" त्यानं लाजत विचारलं.

"होईल की!"

मग आठवडाभर मुलगी आईच्या मागं स्वयंपाकघरात. "आई, 'आपको डर नहीं लगता' को मराठी में कैसे बोलेंगे?" बायको सांगायची, "दादा, तुम्हाला भीती वाटत नाही का?" ती वहीत लिहून घ्यायची. 'खेळ' म्हणताना 'खेल' व्हायचं. पुन्हा म्हणायची.

शुक्रवारी बातमी आली. संघानं त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं आणि बदल्यात पस्तिशीला टेकलेला एक नावाजलेला बचावपटू घेतला होता. त्याचा गुडघा गेलेला आहे, हे आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्या भैयालाही ठाऊक होतं.

दुपारी फोन आला. "काका, संध्याकाळीच निघायला सांगितलंय. काकूंना सांगा, पुढच्या खेपेला नक्की." मी फोन मुलीकडे दिला. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं. "अच्छा," म्हणाली. "ठीक है, भैया."

मटण आणून ठेवलेलं होतं. रविवारी आम्ही तिघांनी खाल्लं.

हंगाम सुरू झाला. तो बचावपटू तिसऱ्याच सामन्यात लंगडत बाहेर गेला, तो परत मॅटवर आला नाही. आणि एके दिवशी आमचा चढाईपटू नव्या संघाकडून आमच्याविरुद्ध खेळायला आला. बरोबरी होती, शेवटची चढाई त्याची. तो उजवीकडून शिरला, आमचे दोघं बाद केले आणि मध्यरेषेला हात लावून आडवा झाला. सामना आम्ही हरलो. टाळी वाजवावी की नाही, मला कळेना. मुलगी म्हणाली, "घर चलें, बाबा?"

"अहो, पुढच्या वर्षी येईल कुणी चांगला," रिक्षात बायको म्हणाली. पुढच्या वर्षी संघानं आणखी दोघं चांगले सोडले आणि तळाला राहिला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

त्या चढाईपटूला मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा उचलला, घाईत होता. दुसऱ्यांदा नंबर बंद.

मी अजून सामने बघतो. शेवटची पाच मिनिटं उरली की हरणार हे कळतं, तरी उठवत नाही. परवा मुलीला विचारलं, "बसतेस का थोडा वेळ?"

"किसलिए?" ती म्हणाली, आणि क्लासला निघून गेली.