साडू आणि डॉक्टरांच्या खोल्या

नवा डॉक्टर गावात आला की आजारी माणसांना बरं वाटतं, औषधाच्या दुकानदारांना त्याहून बरं वाटतं, हे मी समजू शकतो. पण जामनेरात नवा डॉक्टर उतरला की सगळ्यांत जास्त आनंद माझ्या थोरल्या साडूंना होतो, आणि त्या गृहस्थांना आजवर साधी शिंक आलेली मी पाहिलेली नाही. डॉक्टरची पदवी कोणती, हाताला गुण आहे की नाही, सुई दुखते की नाही, यातलं काही त्यांना जाणून घ्यायचं नसतं. त्यांचा प्रश्न एकच असतो, "राहतस कोठे?"

साडू मूळचे साक्रीकडचे. जामनेरात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं आणि पाण्याच्या मोटारींच्या सामानाचं दुकान टाकून त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, पण जिभेवरची अहिराणी काही गेली नाही. जामनेरची बोली निराळी, त्यामुळे 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हटलं की गिऱ्हाइकं त्यांना हसतात आणि साडू त्यांच्या बोलीला हसतात. असं दोन्ही बाजूंनी हसत हसत दुकान उत्तम चाललं आहे. एकदा एक तरुण डॉक्टर त्यांच्याकडे नळाची तोटी घ्यायला आला. शिकून झाल्यावर सरकारी दवाखान्यात ठरावीक काळ नोकरी करावी लागते, त्यासाठी तो आला होता आणि स्टँडजवळच्या लॉजवर राहत होता. तोटी लॉजच्या न्हाणीघरासाठी हवी होती. "लॉजना नळ तुम्ही कसाले दुरुस्त करतस?" साडूंनी विचारलं. रात्रभर टपटप आवाजाने झोप येत नाही आणि मालक लक्ष देत नाही, असं त्या मुलाने सांगितलं. साडूंनी तोटी परत खोक्यात टाकली, दुकानाचं शटर ओढलं आणि संध्याकाळच्या आत त्याला एका शिंप्याच्या माडीवर नेऊन बसवलं. त्या दिवसापासून दवाखान्याचा वॉचमन प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी साडूंच्या दुकानाची वाट दाखवतो आणि मग ओपीडीची.

येणारे हे सगळे थोड्या दिवसांचे पाहुणे. कुणी दोन महिन्यांसाठी, कुणी सहा. क्वार्टर असतात त्या कायमच्या लोकांनी भरलेल्या. घरमालकांना भाडेकरू हवा असतो तो कुटुंबवत्सल, वर्षाच्या कराराचा आणि शक्यतो घरी कमी येणारा. त्यात साडूंच्या अटी घरमालकांपेक्षा कडक. खोली पसंत करण्याची त्यांची रीत म्हणजे त्या खोलीत दुपारी झोपून बघणे. जेवण करून ते घरमालकाकडे जातात, सतरंजी पसरतात, पंखा लावतात आणि आडवे होतात. झोप लागली तर खोली पास. "डॉक्टर रातभर जागस, त्याले दुपारले झोप लागाले पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. एका सोनाराच्या घरी त्यांना इतकी गाढ झोप लागली की दिवेलागण झाली तरी उठेनात. सोनाराच्या बायकोने घाबरून त्यांच्या तोंडावर पाणी शिंपडलं आणि शेजारचे चार लोक गोळा केले. साडू उठले, ओला चेहरा धोतराला पुसला आणि म्हणाले, "एक नंबर जागा शे."

त्यानंतर घरमालकाची मुलाखत होते. घरात भांडणं किती, टीव्ही केवढ्याने, मिक्सर किती वाजता, हे झालं की शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, "गुडघा कोनाकोना दुखस?" कारण घरात डॉक्टर राहायला आला की घरमालकाचे गुडघे दुखायला लागतात असा साडूंचा अनुभव आहे. गुडघा घेऊन डॉक्टरच्या दाराशी जायचं नाही, दवाखान्यात जाऊन केसपेपर काढायचा, असं ते घरमालकाकडून कबूल करून घेतात. एका म्हाताऱ्याने रागावून विचारलं, "आणि छातीत कळ आली तर?" साडू म्हणाले, "छातीनी सूट शे."

खोली मिळाली की संसार लावायचा. आलेल्या डॉक्टरकडे एक सुटकेस आणि चार्जर यापलीकडे काही नसतं. म्हणून साडूंनी एक फिरता संसार उभा केला आहे. एक लोखंडी खाट, एक गादी, गॅसची शेगडी, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात ज्याच्याशिवाय माणूस जगत नाही तो कूलर. हा संसार एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे मोटारसायकलला बांधून जातो. जे कमी पडेल ते साडू स्वतःच्या घरातून नेतात. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, आम्ही अक्का म्हणतो. अक्कांचा कुकर डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाला, तवा एका नर्सबाईंकडे, आणि लग्नात मिळालेलं स्टीलचं पिंप हाडांच्या डॉक्टरांबरोबर थेट बीडला गेलं. एकदा आम्ही जळगावहून सहकुटुंब गेलो तर अक्कांनी आम्हाला कढईत केलेला चहा दिला. "पातेलं कुठे गेलं म्हणून विचारू नका," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "दाताच्या डॉक्टरला दूध तापवायला नव्हतं." बोलताना त्यांचा आवाज चढलेला होता, पण मी निघताना बघितलं तर एक जादाचा पोळपाट त्यांनीच दाराशी काढून ठेवला होता.

अशा या माणसाला ज्यांच्यासाठी खोली मिळेना, अशा एक डॉक्टर आल्या. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या. गावाने त्यांचं नाव लगेच 'भूलवाल्या मॅडम' ठेवलं. त्या येईपर्यंत बाळंतपण अडलं की बाईला गाडीत घालून जळगावला पळवावं लागे, कारण भूल देणारं कुणी नसे. मॅडम काही महिन्यांसाठी आल्या आणि पहिल्याच आठवड्यात तीन बायांची जळगावची वाट वाचली. पण मॅडमबरोबर त्यांचे वडील होते; त्यांना सगळे आजोबा म्हणू लागले. कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, उंच, नीटनेटके, सदा फुलशर्ट खोचलेला. त्यांची स्मरणशक्ती जात चालली होती. सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. दिवसभर ते शांत असत, पण संध्याकाळ झाली की पिशवीत टॉवेल, चष्म्याचं घर आणि एक शर्ट भरून दाराशी उभे राहत. "निघतो आता. घरी वाट बघत असतील." मुलगी सांगायची, "बाबा, आपण इथेच राहतो." मग ते चिडायचे, ओरडायचे. दोघं उतरले होते त्या लॉजच्या मालकाने दोनदा तक्रार केली. घरमालक तर आजोबांना बघूनच नकाराची मान हलवत.

"मी परत जाते," एके दिवशी मॅडम दुकानात येऊन साडूंना म्हणाल्या. "ऑपरेशनच्या वेळी मी बाबांना खोलीत कोंडून जाते हो. बाहेरून कडी लावते. माझ्याने हे होणार नाही."

साडूंनी त्या दिवशी दुपारची झोप घेतली नाही, खोली बघायची म्हणूनसुद्धा नाही. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. मुलगा पुण्याला गेल्यापासून त्यांचा खालचा मजला बंद होता. साडूंनी आजवर अनेकदा विचारून पाहिलं होतं आणि बाईंनी प्रत्येक वेळी त्यांना शाळेतल्या मुलासारखं परत पाठवलं होतं. या वेळी साडू आजोबांनाच बरोबर घेऊन गेले. ही हकिगत मला स्वतः बाईंनी सांगितली.

बाई फाटकातूनच म्हणाल्या, "मी तुम्हाला किती वेळा सांगायचं? आणि लॉजवर ओरडणारं हे माणूस तर मी ठेवणारच नाही."

साडू तोंड उघडणार तोच आजोबांनी चपला काढल्या, हात जोडले आणि स्वच्छ शब्दांत बोलू लागले. "नमस्कार. आमच्या लेकीची इथं बदली झालीय. डॉक्टर आहे ती. एक खोली मिळाली तर बरं होईल. ती फार दमते बघा." जरा थांबून ते म्हणाले, "माझं म्हणाल तर मी काही त्रास देत नाही. मला विसरायला होतं, तेवढंच."

बाईंनी आयुष्यभर वर्गापुढे उभं राहून आवाज चढवला होता. त्या दिवशी तो आवाज त्यांनी फाटकातच ठेवला. त्या आत गेल्या आणि खालच्या मजल्याची किल्ली घेऊन आल्या.

मग दिवसा आजोबा साडूंच्या दुकानात बसू लागले. नळ्यांचे जोड, कोपरे, झाकणं आकाराप्रमाणे लावण्यात त्यांचा वेळ जाई. साडू अहिराणी बोलत, आजोबा कोल्हापुरी, आणि एकमेकांचं फारसं न कळता दोघांच्या तासन्‌तास गप्पा चालत. "काय म्हणताय ते मला कळंना बघा," आजोबा म्हणत, आणि साडू म्हणत, "काही हरकत नही, मालेबी तेच व्हस."

एका रविवारी मी जामनेरला गेलो होतो. दुकान बंद, म्हणून आजोबा बाईंकडे होते. दुपारी मॅडमना तातडीचं बोलावणं आलं. बोदवडकडून एक अडलेली बाळंतीण आणली होती, बाळ आडवं होतं. मॅडम धावत गेल्या. बाई जरा आत वळल्या आणि बाहेर येऊन बघतात तर फाटक उघडं; एरवी संध्याकाळी निघणारे आजोबा भर दुपारीच पिशवी घेऊन निघाले होते. बाईंचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. साडू हात न धुताच उठले.

"मॅडमना कळवायला हवं," मी म्हणालो.

"आते नही," साडू म्हणाले. "ती आतमा शे. एक बाई टेबलवर शे. पोरनं मन आठे आनं तं तठे काय व्हई?" मॅडमचं मन इकडे आलं तर तिकडे ऑपरेशनचं काय, असं त्यांचं म्हणणं.

मोटारसायकलवर मागे मी, असे आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी स्टँडवर पहूरच्या गाडीत खिडकीशी आजोबा दिसले. मांडीवर पिशवी, शर्ट खोचलेला. कंडक्टर डोकं खाजवत उभा होता. "काय करू सांगा," तो आम्हाला म्हणाला. "कुठलं तिकीट देऊ विचारलं, तर म्हणतात घरचं द्या."

मला वाटलं साडू त्यांना हाताला धरून उतरवतील. मी तरी तेच केलं असतं. साडू गाडीत चढले, आजोबांच्या शेजारी बसले आणि कंडक्टरला म्हणाले, "दोन पहूर." खिडकीतून त्यांनी माझ्याकडे मोटारसायकलची किल्ली फेकली. "मांगेमांगे या."

मी आयुष्यात एस.टी.चा पाठलाग केला तो तेवढाच. साडूंची मोटारसायकल गियर बदलताना शेळीसारखी ओरडत होती, धुरळ्याने माझा चष्मा भरला होता, आणि पुढच्या गाडीच्या खिडकीत दोन पांढरी डोकी कापसाच्या शेतांकडे बोटं दाखवत गप्पा मारताना दिसत होती. पहूरला मी पोचलो तेव्हा दोघं स्टँडवर चहा पीत होते. आजोबा खुशीत होते. "चला, आता घरी," ते म्हणाले. "हो, चला," साडू म्हणाले आणि दोघं जामनेरच्या गाडीत बसले. मी पुन्हा मागे.

बाई भर उन्हात फाटकाशी उभ्या होत्या. पायात एक चप्पल एका जोडाची आणि दुसरी दुसऱ्या जोडाची. त्याही शोधून आल्या होत्या. आजोबांनी लांबूनच फाटक बघितलं आणि त्यांची चाल बदलली. "आलं बघा घर," ते साडूंना म्हणाले, आणि बाईंना म्हणाले, "जरा उशीर झाला."

"असू द्या," बाई म्हणाल्या. "हातपाय धुवा. चहा टाकते."

मॅडम आल्या तेव्हा बाळ-बाळंतीण सुखरूप होती आणि आजोबा खाटेवर झोपले होते. साडूंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मॅडम पायरीवर बसल्या आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागल्या. आता साडूंना जगातलं सगळं सोसतं, पण रडणारं माणूस सोसत नाही. ते तडक अंगणातल्या नळाशी गेले आणि पाना नसताना हातानेच तोटी पिळत बसले. "उद्या अर्ज देते," मॅडम म्हणत होत्या. तेव्हा बाईंचा शाळेतला आवाज परत आला. "अर्जबिर्ज काही द्यायचा नाही. फाटकाला कुलूप घालते. आणि संध्याकाळी हे मला पेपर वाचून दाखवतील. माझे डोळे आता चालत नाहीत, यांचं वाचन चांगलं आहे." आणि खरंच, त्यानंतर संध्याकाळी आजोबा पिशवी भरायला उठले की बाई पेपर पुढे करत. ठळक बातम्यांपासून शेतीमालाच्या भावापर्यंत ते खणखणीत वाचत, आणि कधीकधी घरी जायचं विसरत.

मुदत भरली. मॅडम कोल्हापूरला गेल्या. गाडीत बसताना आजोबांनी साडूंचा हात धरून सांगितलं, "या कधीतरी आमच्याकडं." साडूंनी मान डोलावली.

मागच्या महिन्यात आम्ही जामनेरला गेलो तेव्हा साडू ओसरीवर एकटेच बसले होते. सकाळी मॅडमचा फोन आला होता. आजोबा आता फार बोलत नाहीत. मुलीलाही ओळखत नाहीत. सांजवेळी मात्र अजून पिशवी भरतात.

"पोरनी इचारं," साडू म्हणाले, "बाबा, घर कोठे शे? तं म्हने, जामनेर."

कोल्हापूरच्या स्वतःच्या घरात, जिथे त्यांचा संसार झाला, मुलगी वाढली, तिथे बसून ते जामनेरला जायला निघतात.

"भाडानी जागा व्हती हो ती," साडू म्हणाले. "चार महिनानी भाडानी जागा."

अक्का आतून आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.