उभे शब्द सुनंदावहिनींचे

दहिवलीत आमच्या शेजारी सहदेवभाऊ राहतात. खोपोलीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार माल तपासला आणि निवृत्त झाल्यावर ती सवय घरी आणली. बायकोनं लावलेली कडीसुद्धा एकदा ओढून बघणारा माणूस.

रोज सकाळी नवरा-बायको पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसत. वाटणी ठरलेली. आडवे शब्द भाऊंचे, उभे सुनंदावहिनींचे. वहिनी उतावळ्या. ‘पावसाळी रानभाजी, तीन अक्षरी’ दिसलं की टाकळा लिहून मोकळ्या. भाऊ लगेच आवाज चढवत, “अगं, कुरडू पण बसतं, भारंगी पण बसते. नुसतं बसतंय म्हणून लिवू नको. आडवा शब्द लागू दे, मग बघ.” भिंतीपलीकडे आम्हाला हे पाठ झालं होतं.

मग वहिनी जास्तच चुकायला लागल्या. ‘नवऱ्याची बहीण’ला त्यांनी ‘वहिनी’ लिहिलं. भाऊ हसले. “चार नणंदांची लग्नं काढलीस आन् त्यांनाच विसरलीस व्हय गं?” त्यांना वाटलं, जुनाच उतावळेपणा, वयाबरोबर वाढलाय. वहिनी चहा टाकायला उठल्या की भाऊ त्यांचा शब्द खोडरबरानं पुसत आणि बरोबर तो भरत. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं ते सांगतात. मला विचाराल तर चुकलेलं कोडं त्यांना बघवत नव्हतं.

गेल्या महिन्यात भाजीला गेलेल्या वहिनी उल्हास नदीच्या पुलावर तासभर उभ्या होत्या. घर कुठल्या बाजूला ते आठवेना. भाजीवाल्या पारूनं हाताला धरून आणून सोडलं. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विसरण्याचा आजार होता आणि बराच पुढे गेला होता. “आधी आणलं असतंत तर गोळ्यांनी थोडा वेळ तरी मिळाला असता. कधीपासून आहे हे?” डॉक्टरांनी विचारलं. भाऊ म्हणाले, “महिना झाला असंल.”

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरचा पेपरांचा गठ्ठा खाली काढला आणि मला हाक मारली. आम्ही एकेक कोडं उजेडात धरून पाहिलं. पुसल्याच्या खुणा मागे मागे जात होत्या, सगळ्या उभ्या रांगांत. थेट दीड वर्षापर्यंत. जन्मभर दुसऱ्यांना ‘थांब, बघ’ म्हणणाऱ्या या माणसानं बायकोच्या बाबतीत मात्र पहिलाच अंदाज पक्का धरला होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

संध्याकाळी ठाण्याहून लेक आली, अक्षदा. “बाबा, आई एवढी विसरायला लागली आणि तुम्हाला काहीच कळलं नाही?”

“चुका दिसत व्हत्या गं,” भाऊ म्हणाले. “रोज दिसत व्हत्या. मी खोडून बरोबर लिवायचो.”

अक्षदानं गठ्ठ्यातले चार-पाच पेपर उलटून पाहिले. एकही कोडं चुकलेलं नव्हतं.